कळसूबाईचा आगाऊ सत्कार

अनंतराव उजनीकर सरांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. अर्थात त्या वेळी त्यांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, आपण मोठं जबाबदारीचं काम केलं.

"हे काय, उजनीकर?" मुख्याध्यापक बसलिंगप्पा हालगे यांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"प्रवासाचं वेळापत्रक, सर. एक प्रत ऑफिसात असलेली बरी. एखाद्या पालकाचा फोन आला तर गाडी आत्ता कुठं आहे ते सांगता येईल."

कागद कसला, अनंतरावांच्या स्वभावाचा नमुनाच होता तो. गुरुवार, पहाटे सहा, अहमदपूरहून प्रस्थान. सहा चाळीस, किनगाव, थांबणे नाही. पावणेआठ, अंबाजोगाई, चहा व लघुशंका, पंधरा मिनिटे. साडेआठ, केज, थांबणे नाही. असं करत करत संध्याकाळी सहाला कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव. शुक्रवारी सकाळी चढाई, दुपारी उतरणे. शनिवारी परत. 'थांबणे नाही'च्या खाली लाल पेनानं दोन-दोन रेघा मारलेल्या होत्या.

"उत्तम!" हालगे सर म्हणाले आणि त्यांनी मोबाईल काढून कागदाचा फोटो घेतला. फोटो कशाला हवा, हे अनंतरावांनी विचारायला पाहिजे होतं. पण विचारतील तर ते अनंतराव कसले!

मुळात हा माणूस उदास. तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला आणि स्वतः बघितलं काय, तर अहमदपूर, लातूर आणि लग्नकार्यापुरतं नांदेड. फळ्यावर निळ्या खडूनं हिमालय काढावा, एव्हरेस्टच्या टोकावर आठ हजार आठशे अठ्ठेचाळीस लिहावं आणि घंटा झाली की हिमालय पुसून टाकावा, ही नोकरी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा मिहिर पुण्यात. तो दर रविवारी फोन करून "जेवलात का?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत "बरं ठेवतो" म्हणायचा.

त्यात अनंतरावांना जन्मात कुणाला नको म्हणता आलं नाही. जनगणना आली की उजनीकर, मतदार यादी आली की उजनीकर, निवडणुकीला सगळ्यात लांबचं, सगळ्यात गैरसोयीचं केंद्र आलं की उजनीकरच. स्टाफरूममध्ये कुणाच्या घरी साधा मुंज-बारशाचा बेत ठरला तरी खुर्च्या मोजायला हाच माणूस. लोक म्हणायचे, सर लई भले. घरी येऊन अनंतराव पंख्याकडं बघत पडायचे आणि आपण भले आहोत की नुसतेच भित्रे, याचा विचार करायचे. उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून विचार फार लांबत नसे.

कळसूबाईचं खूळ डोक्यात शिरलं ते ऑगस्टात. सातवीच्या वर्गात नकाशा शिकवत होते. मुबश्शिरा नावाची पोरगी उभी राहिली.

"सर, नकाशा काढणारा माणूस कुठं बसून काढतो?"

"वरून बघितल्यासारखा काढतो."

"म्हंजे किती वरून? पाण्याच्या टाकीवरून?"

सगळा वर्ग हसला, पण अनंतरावांना हसू आलं नाही. कारण त्या वर्गातल्या एकाही पोरानं पाण्याच्या टाकीहून उंचावरून जग बघितलेलं नव्हतं, आणि टाकीवर चढायलाही बंदीच. बालाघाटाच्या टेकड्या आहेत आसपास, नाही असं नाही, पण त्यांच्यावर चढून दिसणार काय, तर पलीकडची टेकडी. आणि शिकवणारा तरी कुठं गेला होता वर? त्या दिवशी त्यांना फार वाईट वाटलं. जानेवारीच्या एकतीस तारखेला आपण निवृत्त होणार आणि ह्या पोरांना नकाशा म्हणजे कागदावरच्या वाकड्या रेघा एवढंच कळणार. तेव्हाच त्यांनी ठरवलं, राज्यातल्या सगळ्यात उंच शिखरावर ह्या पोरांना न्यायचं. वरून एकदा बघू दे, नदी रेघेसारखी कशी दिसते, शेतं चौकटीसारखी कशी दिसतात. एवढं एक झालं की आपण सुटलो.

बारा पालकांनी सह्या दिल्या. मग चार महिने तयारी चालली. डोंगरांची चित्रं, बर्फातल्या गिर्यारोहकांच्या गोष्टी, 'सोळाशे शेहेचाळीस मीटर' हा आकडा तर पोरं झोपेतही सांगायची. शाळेचा जिना दप्तर पाठीला लावून रोज वीस वेळा चढायचा-उतरायचा. सगळ्यात मागं धापा टाकत अनंतराव. शिपाई म्हणायचा, "सर, दमानं, पेन्शन घ्यायची हाय अजून." वरून परवानगीचं पत्र आलं ते नेमकं जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातलं, गुरुवार ते शनिवार. त्यानंतर निवृत्ती. म्हणजे हुकलं की हुकलं.

आणि हालगे सरांनी तो फोटो माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर मजकूर, 'आपले लाडके उजनीकर सर कळसूबाई मोहिमेवर निघाले आहेत. मार्गावरील माजी विद्यार्थ्यांनी वेळेची नोंद घ्यावी.' तेहेतीस वर्षांत सरांच्या हाताखालून गेलेली पोरं अहमदपूरपासून नगरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. त्यांनी घेतली की नोंद!

गुरुवारी पहाटे सहाला गाडी शाळेच्या फाटकाशी उभी होती. गाडी नासिरची, चालवणाराही नासिरच. मुबश्शिराचा बाप. पोरं टोप्या घालून बसलेली. मुलींबरोबर यायला विशाखा मॅडम, खेळाच्या शिक्षिका, हातात शिट्टी. सगळं तयार, फक्त संस्थेचे अध्यक्ष यायचे होते. त्यांच्या हस्ते नारळ फोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही असं हालगे सरांनी सांगून ठेवलेलं. अध्यक्ष पावणेनऊला आले. मग प्रत्येक पोराला टोपी, शाल, नारळ. अनंतरावांना शाल, फेटा, नारळ आणि हार. मग अध्यक्ष अर्धा तास बोलले. त्यात डोंगर कुठंच नव्हता, इमारतीचा निधी होता.

"सर, साडेनऊ व्हायले," नासिर गाडीत बसता बसता म्हणाला. "साडेतीन घंटे हितंच गेले की."

"भरून काढू रे," अनंतराव म्हणाले. त्यांच्या फेट्याचं टोक दारात अडकलं होतं.

किनगावच्या अलीकडंच ताशा ऐकू आला. रस्त्यात आडवी दोरी, दोरीमागं पन्नासेक माणसं आणि पुढं खताच्या दुकानाचा मालक विरूपाक्ष. दहावीत तीनदा नापास झालेला आणि सरांच्या शिकवणीनं चौथ्यांदा निघालेला.

"सर, पहाटे साडेसहापासून उभे हाव आमी! पोरं उपाशी हायती!"

"अरे, पण वेळापत्रकात इथं थांबणं नाही," अनंतराव खिडकीतून क्षीण आवाजात म्हणाले.

"व्हय सर, ते वाचलं. म्हणूनच दोरी बांधली."

"गाडी दामटू का सर बाजूनं?" नासिरनं हळूच विचारलं. अनंतरावांनी विरूपाक्षाकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. एवढ्या माणसांसमोर ह्याला तोंडघशी पाडायचं? त्यांच्यानं होईना. "थांब जरा. नाराज होईल तो," ते म्हणाले आणि उतरले. पाचच मिनिटांचा कार्यक्रम पन्नास मिनिटं चालला. चौदा शाली, चौदा नारळ, आणि वर प्रत्येकाला अर्धा किलो पेढे.

अंबाजोगाईला वकार उभा होता, त्याचे आता क्लासेस होते. त्यानं चहा पाजला आणि चहाच्या निमित्तानं सरांना एका हॉलमध्ये नेलं. तिथं दोनशे पोरं वही-पेन घेऊन बसलेली. "सर, दोन शब्द," वकार म्हणाला, "ह्यांना सांगितलंय मी, आज माझे उस्ताद येणार म्हणून." अनंतराव दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की ते घड्याळ बघायचं विसरले. खाली गाडीत बसून बसून पोरांतल्या अनिमेषनं सगळा पेढ्यांचा पुडा संपवला. पुढं केजच्या अलीकडं त्याचा जो निकाल लागला, तो तीन शाली आणि विशाखा मॅडमची ओढणी यांच्यावर लागला.

केजला एका माजी विद्यार्थ्याच्या ढाब्यावर जेवण. जेवल्यावर सत्कार, कारण नुसतं जेवून कसं जाता. मांजरसुंब्याला दोघे भाऊ, वेगवेगळ्या बॅचचे, एकमेकांशी बोलत नसलेले. म्हणून सत्कार दोन. नारळांची पोती गाडीच्या टपावर गेली, टपावर मावेनात तेव्हा पायाशी आली. वळणावर नारळ इकडून तिकडं गडगडायचे आणि पोरं पाय वर उचलायची. शिवानीनं विचारलं, "सर, आपन नारळ घिऊन चढायचं का वर?" कुणी हसलं नाही.

"सर, एक विचारू?" विशाखा मॅडम शेवटी म्हणाल्या. "तुम्ही ह्यांना सरळ सांगत का नाही? दोन शब्द लागतात फक्त."

"मॅडम, पोरं आहेत हो माझी," अनंतराव म्हणाले.

"मग ही मागं बसलेली कुणाची आहेत?"

अनंतराव खिडकीबाहेर बघायला लागले.

नगर आलं तेव्हा दिवस मावळून गेला होता. तिथं डॉक्टर झालेला सिद्रामप्पा वाट बघत होता. तो म्हणाला ते मात्र शहाणपणाचं होतं. "सर, असल्या वेळी पोरं घेऊन पुढं कुठं जाताव? झोपा हितंच. सकाळी पाचला निघा." सगळे झोपले. सकाळी पाचला निघायला उठले तर सिद्रामप्पाच्या बायकोनं हात जोडले. कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाला आठची वेळ दिलेली आहे. म्हातारी माणसं आहेत, मोठ्या आशेनं येणार आहेत. ती साडेआठला आली, एकेक करून बोलली आणि त्यांतल्या एकाला बोलताना भोवळ आली. पावणेअकराला गाडी हलली.

बारी गावात पोचले तेव्हा शुक्रवारचे तीन वाजले होते. समोर कळसूबाई उभी. चार महिने चित्रात बघितलेली. काळी, सरळ, मान मागं टाकून बघावी लागेल एवढी. पोरं गाडीतून उतरली आणि टोप्या सावरत वर बघत राहिली. मुबश्शिरानं तर तोंडावर हात ठेवला.

"चला, बूट बांधा!" अनंतराव ओरडले.

"थांबा गुरुजी," गावातला वाटाड्या म्हणाला. त्यानं आधी पोरांकडं पाहिलं, मग सरांच्या पोटाकडं. "आत्ता कुठं निघता? वर जायला चार तास तुम्हाला. उतरताना अंधार. शिड्या आहेत लोखंडी मधे. लेकरं घेऊन मी तर नाही जायचा. उद्या पहाटे नेतो, डोळे झाकून."

अनंतरावांनी हालगे सरांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच ते काहीतरी मागत होते.

"सर, उद्या सकाळी चढतो. रविवारी पोचतो. एक दिवस वाढवून घ्या."

"उजनीकर, डोकं ठिकाणावर आहे ना? परवानगी शनिवारपर्यंतच आहे. आणि उद्या संध्याकाळी पाचला तुमचा सत्कार आहे! मांडव पडलाय. मोठमोठी माणसं येऊन राहिलीत. चौकात बोर्ड लागलाय, कळसूबाई सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

"पण सर, आम्ही अजून सर केलेलीच नाही."

"का नाही केली? कालपासून काय करताव मग?"

"सत्कार घेतोय, सर."

"हे बघा, पाचला गाडी फाटकाशी पाहिजे. बाकीचं मी बघतो," हालगे सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. सत्काराला जायचं म्हणून डोंगर चढायचा नाही, आणि सत्कार कशाचा तर डोंगर चढल्याचा! अनंतराव फोनकडं बघत राहिले. आत्तासुद्धा ते म्हणू शकले असते, येत नाही जा. पण त्यांनी फोन खिशात टाकला.

पायथ्याला देवीचं एक देऊळ आहे, ज्यांना वर जाणं होत नाही त्यांच्यासाठी. अनंतराव पोरांना तिथपर्यंत घेऊन गेले. सगळ्यांनी मिळून नारळ वाहिले. सत्तरच्या वर निघाले. पुजारी घाबरला, म्हणाला, एवढा कसला नवस होता? देवळाच्या पुढं पन्नासेक पावलं पायवाट होती, ती पोरं चढली आणि शिट्टी झाल्यावर उतरली. मनस्विनी रडत होती. अनिमेषनं विचारलं, "सर, याला चढलो म्हणायचं का?"

"नाही बाळा," अनंतराव म्हणाले. तेवढं खरं ते बोलले.

शनिवारी पहाटे बारी सोडलं ते थेट अहमदपूर. येताना कुणीही अडवलं नाही, कारण परतीचं वेळापत्रक अनंतरावांनी लिहिलेलंच नव्हतं. बरोबर पाचला गाडी फाटकाशी. चौकात खरोखरच बोर्ड होता. त्यावर बर्फाच्या शिखरावर अनंतराव हात वर करून उभे, भोवती बारा पोरं, आणि आकाशात अध्यक्षांचा फोटो. बोर्ड करणाऱ्यानं कळसूबाईवर बर्फ टाकला होता. त्याचं म्हणणं, त्याशिवाय उंच वाटत नाही.

मांडवात हजार माणसं. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मग अनंतराव माईकपाशी गेले. गाडीत बारा तास त्यांनी हेच ठरवलं होतं.

"मंडळी," ते म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. आम्ही कळसूबाई चढलो नाही. आम्ही पायथ्यावरूनच परत आलो. हा सत्कार माझा नाही."

हालगे सर चपळाईनं उठले, त्यांनी माईक हातात घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "बघितलं? बघितलं का मंडळी? याला म्हणतात विनय! सर म्हणतात, अशा डोंगरापुढं आपण कायम पायथ्याशीच असतो!"

टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो थांबेना. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "नाही हो, खरंच पायथ्याशी," अनंतराव म्हणत होते, पण माईक आता त्यांच्याकडं नव्हता. दोघांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तेवढ्या उंचीवरून त्यांना सगळा मांडव दिसला, आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली बारा पोरंही दिसली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकतीस तारखेला ते निवृत्त झाले. त्याचाही सत्कार झाला. फेब्रुवारीत ते पंख्याकडं बघत पडून असत. मिहिरनं फोनवर "काय करताय?" विचारलं तर "पडलोय" म्हणत. मुलगा म्हणे, "छान, आराम करा."

एका सकाळी नासिर दारात आला. मागं मुबश्शिरा.

"सर, ही पोरगी घरात बोलंना झाली. शाल दिली ती बकरीला घातली हिनं. म्हणती, झूटी हाय. गाडी माझीच हाय. चला, परत जाऊन येऊ. आता तुमाला कुणाची परवानगी लागत न्हाई आन् हिला सुट्टी हाय."

अनंतराव उठून बसले. "बाकीची अकरा?"

तिघं मिळून अकरा घरं फिरले. अट एकच, गावात बोभाटा करायचा नाही. आता अहमदपुरात बोभाटा न होणं म्हणजे आश्चर्यच, पण ते झालं. कारण प्रत्येकाच्या बैठकीच्या खोलीत सत्काराचा फोटो लागला होता. खरं बाहेर पडलं तर फोटो उतरवावा लागला असता. पण त्याच कारणानं घरंही अडली. "एकदा सत्कार झालाय न्हवं?" अनिमेषचा बाप म्हणाला, "आता चढून काय उपेग?" शिवानीची आजी म्हणाली, "लोक म्हंतील, आदी चढली न्हवती वाटतं." मनस्विनीच्या आईनं मात्र काही न बोलता तिची पिशवी भरली. बारातली पाच निघाली. शेजाऱ्यांना सांगितलं, नगरला लग्न आहे.

ह्या वेळी कुठंच कागद केला नाही. किनगावात विरूपाक्ष दुकानाच्या पायरीवर दात घासत होता, त्यानं गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी बारी, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चढाई. शाळेचा जिना आणि हा डोंगर यांचा काही संबंध नाही, हे अनंतरावांना पहिल्या अर्ध्या तासात कळलं. पोरं पुढं पळाली. सर दर वीस पावलांना बसत. पहिल्या शिडीपाशी त्यांनी डोळे मिटले आणि नासिर मागून त्यांच्या टाचा धरून एकेक पायरीवर ठेवत राहिला. "बगू नका सर खाली, खाली काय न्हाई," तो म्हणायचा, आणि ते अगदी खरं होतं. पण साडेदहा वाजता वरच्या देवळापाशी पाच पोरं, एक ड्रायव्हर आणि एक निवृत्त शिक्षक पोचले.

वारा कानात शिरत होता. खाली धरणाचं पाणी पडलं होतं, रस्ता दोऱ्यासारखा, शेतं चौकोन चौकोन. मुबश्शिरा कठड्याशी बसली होती. "सर," ती म्हणाली, "हितं बसून काढतात." अनंतरावांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. तेवढ्यात नाशिकहून आलेल्या पोरांचा एक घोळका त्यांच्याभोवती जमला.

"काका, कुठून आलात? वय किती तुमचं?"

"लातूरकडून. अठ्ठावन्न."

"आणि ह्या लहान पोरांना तुम्ही घेऊन आलात? लातूरहून? अरे, सगळे इकडं या रे! काकांचा सत्कार करू!" त्या मुलानं गळ्यातला मफलर काढला आणि देवीसाठी आणलेला नारळ पिशवीतून बाहेर काढला. "या काका, मधे उभे राहा. एकच मिनिट."

"नको," अनंतराव म्हणाले.

"असं कसं काका?"

"एक मिनिटसुद्धा नको. ही पोरं बघतायत, त्यांना बघू द्या."

"बरं काका," तो मुलगा म्हणाला. त्यानं नारळ परत पिशवीत टाकला, मफलर गळ्यात घातला आणि तो फोटो काढायला पलीकडं गेला. रागावला नाही, नाराज झाला नाही, काहीसुद्धा झालं नाही. अनंतराव त्याच्या पाठीकडं बघतच राहिले. एवढंच असतं होय हे?

मुबश्शिरा वळून त्यांच्याकडं बघत होती.

"सर, तुमाला नको म्हंता येतं?"

"येतं की," अनंतराव म्हणाले.

"मग तवा कामून न्हाई म्हनलात? समदे बारा जण आले असते."

"चूप ग," नासिर पुटपुटला. पोरगी जरा सरकून त्यांच्या शेजारी बसली आणि उत्तराची वाट बघत राहिली.